दिवाळी सुट्टीचं सत्र: ३ ते ६ वर्षांच्या मुलांसाठी पसारा न होणारी हस्तकला किट (नाशिक)

गोदाकाठ:
दिवाळीच्या सुट्टीत इंदिरानगरच्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये मुलांसाठी दोन तासांचं सत्र ठरतंय. २० मुलं, वय ३ ते ६. हॉलमध्ये सतरंजी असते, भिंतींना नुकताच रंग दिलाय आणि हात धुवायला जिन्याखाली एकच नळ. प्रत्येक मुलाला एक पाकीट द्यायचं, त्यातलं सामान तिथेच वापरून संपवायचं आणि झालेली वस्तू घरी न्यायची, अशी कल्पना आहे.

बाजारात मिळणाऱ्या बहुतेक किटवर ‘पसारा नाही’ असं छापलेलं असतं, पण आत वाळूच्या पुड्या आणि ग्लिटर निघतं. खरोखर स्वच्छ असं काय असतं? आणि पाकिटं घरीच भरायची तर मापं काय धरायची? दिवाळीशी जुळणारं काही असेल तर उत्तम.

बालवाडीताई:
खोक्यावरचं वाक्य सोडा, आतल्या सामानाची यादी वाचा. तीन गोष्टी बघायच्या: ओलं काय आहे, सुटं काय आहे आणि मुलाला स्वतःला काय उघडावं लागणार आहे. ओलं असेल तर ते बंदिस्त हवं. सुटं असेल तर तुकडा नखापेक्षा मोठा हवा, म्हणजे सांडला तरी हाताने उचलता येतो. तिसऱ्या गोष्टीकडे कुणी बघत नाही आणि निम्मा पसारा तिथेच होतो. घट्ट झाकण, ताणून फाडायची पुडी, दाबून काढायची ट्यूब यातलं काहीही तीन वर्षांच्या हातात गेलं की जोर जास्त लागतो आणि सगळं एकदम बाहेर येतं.

या कसोटीवर टिकणारे प्रकार: सुटे स्टिकर, मागे चिकट असलेले फोमचे आकार, ओवणकामाची कार्डं, पाण्याच्या पेनने रंगवायची पुस्तकं, बंद पिशवीतला रंग आणि चिकट प्लास्टिकवरचं कोलाज. न टिकणारे: वाळूची चित्रं, ग्लिटरचं काहीही, स्लाइम, आणि काळा थर खरवडायची कार्डं. त्या कार्डांची काळी पूड सतरंजीत बसते आणि झाडूने निघत नाही.

प्रत्येक मुलापुढे एक काठाचं स्टीलचं ताट ठेवा. सगळं काम त्या ताटातच. किट कुठलंही घ्या, ताट मात्र हवंच.

कात्रणवही:
दिवाळी म्हणताय तर चिकट प्लास्टिकचा छोटा आकाशकंदील करा. गोंद नाही, पाणी नाही, कात्रीही नाही, आणि वस्तू घरी टांगता येते.

लागणारं प्लास्टिक म्हणजे पुस्तकांना कव्हर घालायचा पारदर्शक चिकट रोल. एका मुलामागे:

– चिकट प्लास्टिकचे २ तुकडे, २१ × १४.५ सेंमी
– पतंगाच्या कागदाचे साधारण ३० चौकोन, ३ × ३ सेंमी, चार रंगांत
– कार्डशीटच्या २ पट्ट्या, २ × २२ सेंमी
– झिरमिळ्यांसाठी पतंगाच्या कागदाच्या ८ पट्ट्या, १.५ × १८ सेंमी
– दोरा २५ सेंमी
– दुहेरी टेप, कार्डशीटच्या पट्ट्यांना आधीच लावून ठेवलेला

कृती अशी. एका तुकड्याचा मागचा कागद मोठ्या माणसाने सोलायचा. चिकट बाजू वर ठेवून चारही कडा मास्किंग टेपने ताटाला चिकटवायच्या. टेप आतल्या बाजूला दीड सेंटिमीटर येऊ द्या. ही चौकट दोन कामं करते: प्लास्टिक गुंडाळलं जात नाही आणि मुलाला कुठवर लावायचं ते दिसतं. मग मूल चौकोन लावत जातं, एकावर एक आले तरी चालतात, उलट मधे तिसरा रंग दिसतो. पिवळ्यावर निळा आला की हिरवा.

भरून झालं की टेप काढा. दुसरा तुकडा एका बाजूने सुरुवात करून हळूहळू वर बसवत आणा आणि सुक्या फडक्याने मधून कडेकडे दाबत न्या. एकदम वरून ठेवला तर मधे हवा अडकते आणि मग सुरकुती जात नाही. आता लांब बाजूने गोल वळवा, एक सेंटिमीटर एकावर एक घेऊन दुहेरी टेपने जोडा. साधारण साडेसहा सेंटिमीटर व्यासाची नळी होते. वरच्या आणि खालच्या काठाला कार्डशीटची पट्टी. खालची पट्टी बसवण्याआधी तिच्या टेपवर झिरमिळ्या लावायच्या. वरच्या पट्टीला समोरासमोर दोन भोकं आणि दोरा.

चुकतं कुठे? बहुतेक वेळा कडेला. चौकोन अगदी काठापर्यंत गेले की दोन प्लास्टिक एकमेकांना धरत नाहीत आणि घरी पोचेपर्यंत कंदील उकलतो. म्हणून तो दीड सेंटिमीटर सोडायचाच. दुसरं म्हणजे कागदाची निवड. क्रेप कागद घामेजल्या बोटांनाही रंग सोडतो. जिलेटिन कागद छान चमकतो, पण दिवाळीच्या कोरड्या हवेत तो वळतो, त्याच्यात स्थिरविद्युत येते आणि तुकडे बोटांना, बाहीला चिकटून बसतात. पतंगाचा कागद हलका असतो आणि सपाट पडतो. फक्त पंखा बंद ठेवा.

गोदाकाठ:
हे नक्की करू. रोल किती आणायचा? आणि पतंगाचा कागद संक्रांतीच्या आधी मिळेल का?

कात्रणवही:
रोल ४५ सेंमी रुंदीचा मिळाला तर रुंदीत १४.५ चे तीन तुकडे बसतात. २० मुलांचे ४० तुकडे, म्हणजे १४ ओळी, प्रत्येक ओळ २१ सेंमी: २ मीटर ९४ सेंमी. सव्वातीन मीटर घ्या. मागच्या कागदावर चौकटी छापलेल्या असतात, त्यांच्यावरून कापलं तर पट्टी लागत नाही.

पतंगाच्या कागदाचा ताव साधारण ५० × ७० सेंमी धरला तर चार रंगांचा एकेक ताव चौकोन आणि झिरमिळ्या दोन्हीला पुरून उरतो. मेन रोड, रविवार कारंजा, शालिमार या भागातल्या स्टेशनरीच्या दुकानांत दिवाळीआधी कंदिलाचं सामान येतं, त्यातच विचारा. ताव घडी करून न आणता गुंडाळून आणा; घडीची रेघ पडलेले चौकोन नीट चिकटत नाहीत.

सिडकोची_आई:
कंदिलात छोटा एलईडी दिवा टाकायचा मोह होईल. टाकू नका. त्या मेणबत्तीसारख्या दिव्यांत बहुधा नाण्याच्या आकाराची बॅटरी असते आणि खालचं झाकण नखाने उघडतं. लिथियमची ती बॅटरी अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांतही गंभीर भाजणं होऊ शकतं. झाकण स्क्रूने बंद होणारा दिवा असेल तरच, आणि तोही पालकांच्या हातात. खिडकीत टांगलेला कंदील दिवसा उन्हानेच छान दिसतो.

रंगीत_खडू:
दोन तासांना एक कंदील पुरणार नाही. तीन वर्षांचं मूल दहा-पंधरा मिनिटं एका कामावर टिकतं. शिवाय मोठी माणसं एकेक कंदील वळवत असताना बाकीची मुलं काय करणार? त्या वेळेसाठी पिशवीतला रंग ठेवा.

१८ × २० सेंमीच्या आसपासची जाड झिप पिशवी. त्यात दोन रंगांचा घट्ट पोस्टर कलर, प्रत्येकी १० मिली, समोरासमोरच्या कोपऱ्यांत. पिशवी आडवी ठेवून तळहाताने हवा बाहेर काढत झिप बंद करायची. झिपवर दोन इंची पारदर्शक टेप दुमडून लावायचा, म्हणजे अर्धा पुढे, अर्धा मागे. मग ही पिशवी दुसऱ्या तशाच पिशवीत. पिशवी फुटते ती झिपपाशी कमी, बाजूच्या शिवणीवर जास्त. दुसरी पिशवी त्यासाठी.

पिशवी पांढऱ्या कागदावर ठेवून ताटाला चारही बाजूंनी मास्किंग टेपने चिकटवा. मूल बोटाने दाबून रेघा काढतं, रंग बाजूला सरकतो आणि खालचा कागद दिसतो. हा परिणाम रंगाच्या मापावर अवलंबून आहे. रंग जास्त झाला तर रेघ उमटतच नाही, लगेच भरून येते. पातळ रंगाचंही तेच. बाटलीतला रंग वाहता असेल तर चमचाभर कॉर्नफ्लॉवर अर्धा कप पाण्यात शिजवून थंड केलेली खळ थोडी मिसळा.

लाल-पिवळा, पिवळा-निळा, निळा-पांढरा या जोड्या शेवटपर्यंत चांगल्या दिसतात. लाल, पिवळा, निळा तिन्ही एकत्र टाकले की पाच मिनिटांत मातकट तपकिरी रंग होतो आणि मुलं पिशवी बाजूला सारतात.

२० पिशव्यांना एका रंगाचे २०० मिली, दोन रंगांचे ४००. लहान बाटल्यांचे संच घेऊ नका, मोठी बाटली घ्या. पिशव्या आदल्या दिवशी भरल्या तरी चालतं, आत रंग वाळत नाही. भरलेली पिशवी रात्रभर कागदावर उभी ठेवा, गळती असेल तर सकाळी दिसते. घरी नेल्यावर काही दिवसांनी आत वास किंवा बुरशी येऊ शकते. तेव्हा न उघडता टाकून द्यावी, हे पाकिटावर लिहा.

बोट आणि कापसाची कांडी, एवढंच साधन. पेन्सिल किंवा काडी दिली की भोक पडलंच समजा.

पंचवटीकर:
हीच पिशवी भिंतीवर किंवा खिडकीवर लावायची असेल तर भिंत टाळा. नव्या रंगावरून मास्किंग टेप ओढला की पापुद्रा निघतो. काचेवर चालतो, पण ऊन येणाऱ्या काचेवरून त्याच दिवशी काढा. गरम होऊन गोंद मऊ होतो आणि मग काचेवर राहतो.

बालवाडीताई:
स्टिकर देणार असाल तर एक काम आदल्या दिवशी करा. स्टिकरच्या तावावर आकारांच्या भोवतीचा जो जाळीसारखा चिकट कागद असतो, तो आधी सोलून टाका. आकार तेवढे उरतात, त्यांची कड मोकळी होते आणि ताव जरा मागे वाकवला की तीन वर्षांचं मूलही स्वतः सोलतं. जाळी ठेवली तर वीस मुलं एकाच वेळी ‘काढून द्या’ म्हणत हात पुढे करणार.

फोमच्या चिकट आकारांनाही असंच. मागच्या कागदावर ब्लेडने हलकी चीर द्या, फोमपर्यंत जाऊ न देता. मूल आकार वाकवतं, चीर उघडते, दोन्ही अर्धे निघतात. ग्लिटर फोम मात्र नको, त्याचा कण सुटत राहतो.

गोंदाचं काही ठेवणारच असाल तर गोंदाची कांडी, दोन-तीन मिलिमीटरच वर काढलेली. पांढरा गोंद द्यायचा असेल तर बाटलीच्या झाकणात अर्धा चमचा आणि सोबत कापसाची कांडी. त्याखाली साधा कागद वापरला तर कागद फुगून वळतो, कारण गोंदातलं पाणी एकाच बाजूने शिरतं. २०० ते २५० जीएसएमचं (म्हणजे चौरस मीटरमागे तेवढे ग्रॅम वजनाचं) कार्डशीट सरळ राहतं.

शालिमार_स्टेशनरी:
तयार किट घेणाऱ्यांसाठी थोडं. १४ वर्षांखालच्या मुलांसाठी खेळणं म्हणून जे विकलं जातं त्याला १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. खोक्यावर चिन्हाच्या वर आयएस ९८७३ हा खेळण्यांच्या मानकाचा क्रमांक आणि खाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो परवाना क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकला की परवाना कुणाचा आणि चालू आहे का ते दिसतं. नुसतं चिन्ह छापलेलं आणि क्रमांक नाही, असं खोकं घेऊ नका. हे खेळण्यांचं झालं. रंग, कागद, टेप सुटे घेतलेत तर हे चिन्ह त्यांच्यावर असेलच असं नाही, तिथे बनवणाऱ्याचं नाव, पत्ता आणि वयाची सूचना बघा.

‘३ वर्षांवरील’ ही सूचना बुद्धीसाठी नसते, घशासाठी असते. चाचणीचं नळकांडं ३१.७ मिमी व्यासाचं असतं; त्यात पूर्ण मावेल तो भाग तीन वर्षांखालच्या मुलाला धोक्याचा. घरी करायचं तर कार्डशीटची १० सेंमी लांब पट्टी टोकाला टोक जोडून गोल करा, आतला व्यास जवळजवळ तेवढाच येतो. सत्राला धाकटी भावंडं कडेवरून येणारच. त्यामुळे मणी, बटणं, चिकटवायचे प्लास्टिकचे डोळे, पोमपोम या नळीतून घालून बघा.

सिडकोची_आई:
पाणी फवारून चिकटणारे मणी मिळतात, ते सहा वर्षांच्यांसाठी चालतील का? त्यात गोंद नसतो.

शालिमार_स्टेशनरी:
सहा वर्षांच्यांना चालतील, पण तुमच्या गटात तीन वर्षांची मुलं त्याच सतरंजीवर आहेत. मणी पाच मिलिमीटरचा, रंगीत, गोळीसारखा दिसणारा. नकोच.

मोठ्या मुलांच्या वेगळ्या सत्रात घ्यायचे तर सांगतो. मण्यावर पाण्यात मऊ होणारा थर असतो. फवारा फूटभरावरून, सगळे मणी ओले दिसतील इतकाच. डबकं झालं की रंग उतरतो आणि मणी ज्या पाटीवर मांडले तिलाच चिकटतात. फार कमी फवारलं तर उचलताना आकृती तुटते. अर्ध्या-पाऊण तासाने उलटून मागून हलका फवारा. पावसाळ्यात यापेक्षा बराच वेळ लागतो.

नाव नसलेल्या पुड्यांतले मणी मात्र कधीच घेऊ नका. नोव्हेंबर २००७ मध्ये असेच मणी ऑस्ट्रेलियात ‘बिंडीझ’ आणि अमेरिकेत ‘अ‍ॅक्वा डॉट्स’ या नावांनी विकले जात होते, ते परत मागवावे लागले. थरात स्वस्तातलं दुसरं रसायन, १,४-ब्युटेनडायॉल, वापरलं गेलं होतं. गिळल्यावर शरीरात त्यापासून गुंगी आणणारं द्रव्य तयार होतं, आणि मुलं बेशुद्ध पडली होती.

आणि पाण्यात फुगणारे जेलीसारखे मणी हा तिसराच प्रकार आहे, दुकानात शेजारीच लटकलेला असतो. ते गिळले तर आतड्यात फुगून मार्ग अडवतात आणि साध्या एक्स-रेमध्ये सहसा दिसत नाहीत. लहान मुलांच्या कुठल्याच किटमध्ये त्यांना जागा नाही.

रंगीत_खडू:
पाण्याच्या पेनची पुस्तकं कुणी वापरायची म्हणत असेल तर: चित्रावरचा पांढरा थर ओला झाला की पारदर्शक होतो, खालचे रंग दिसतात, वाळलं की पुन्हा पांढरं. पेन दोन-तृतीयांशच भरा. दाबून घासलं तर थर खरवडला जातो आणि तो भाग कायमचा रंगीत राहतो. एका पानाला वाळायला पाच-दहा मिनिटं, म्हणून दोन पानं आळीपाळीने. सत्रानंतर पेन रिकामं करून उघडं वाळवा.

दुसरा प्रकार, फक्त खास कागदावरच उमटणारे मार्कर, उदाहरणार्थ क्रेयोलाचे कलर वंडर. शाई बिनरंगी असते, कागदावरच्या लेपाशी तिचा संयोग झाला की रंग दिसतो. हात, भिंत, सतरंजी कशावरच काही दिसत नाही. स्वच्छतेत याला तोड नाही. पण खास पानं संपली की मार्कर कशाच्याच उपयोगाचे नाहीत, आणि २० मुलांना तीच पानं पुन्हा घ्यायची म्हणजे खर्च वाढतो. प्रवासात एका मुलासाठी ठीक.

बालवाडीताई:
इथे एक मनापासून सांगायचं आहे. हॉलची अडचण खरी आहे, म्हणून स्वच्छ किट. पण सगळं काम असंच होऊ देऊ नका. बंद पिशवीत रंग दिसतो, हाताला लागत नाही. मळायचं, पिळायचं, थापायचं काम केल्याशिवाय बोटांत ताकद येत नाही, आणि पुढे पेन्सिल धरताना ती लागते. रंगपंचमीला रहाडीत, म्हणजे रंगाच्या हौदात, धप्पा मारणाऱ्यांचं गाव आहे आपलं. मुलांचे हात रंगात बुडायलाच हवेत. ते अंगणात, गच्चीवर, नळाशेजारी, वेगळ्या दिवशी.

दुसरं, कापलेले तुकडे ठरलेल्या जागी लावून वीस सारखे मोर करायचे असले किट घेऊ नका. कात्रणवहींचा कंदील मला यासाठी आवडला की वीस मुलांचे वीस वेगळे होतील.

पंचवटीकर:
ताई, पटतं. पण मळण्याचं काम याच सत्रातही बसू शकतं. शिजवलेला मैद्याचा गोळा ताटात राहिला तर सतरंजीला लागत नाही.

१ कप मैदा, अर्धा कप मीठ, १ कप पाणी, १ मोठा चमचा तेल, २ मोठे चमचे लिंबाचा रस. खायचा रंग पाण्यातच आधी मिसळायचा; तयार गोळ्यात मागून घातला तर तो हातांना लागतो. सगळं पातेल्यात मंद आचेवर ढवळायचं, कडा सोडून गोळा झाला की उतरवायचं आणि कोमट असताना ओट्यावर चांगलं मळायचं. साधारण ४५० ते ५०० ग्रॅम होतो, म्हणजे सात मुलांना प्रत्येकी ६५ ग्रॅम. २० मुलांना तीन घाणे. तांदळाच्या पिठाचा करू नका, चिकटपणा नसल्याने भुगा होतो आणि तोच सतरंजीत जातो. पावसाळ्यात मीठ हवेतलं पाणी ओढतं आणि गोळा पाझरतो, दिवाळीत तो त्रास नाही. उलट उघडा राहिला तर साल धरतो, म्हणून डबा लगेच बंद. गव्हाची ॲलर्जी कुणाला आहे का ते आधी विचारा. मिठाचं प्रमाण फार असल्याने खाऊ द्यायचा नाही, कुत्र्याच्या तोंडालाही लागू द्यायचा नाही.

गोदाकाठ:
मग क्रम असा ठेवते: आधी स्टिकर, सगळे जमेपर्यंत. मग कंदील. वळवणं चालू असताना पिशवी, शेवटी गोळा. चालेल?

कात्रणवही:
गोळा शेवटी नको. त्यानंतर सगळे एकदम नळावर जातील, आणि तेलकट बोटांनी कंदील उचलतील. गोळा दुसरा घ्या आणि त्यानंतर ओल्या फडक्याने जागेवरच हात पुसा. एका बादलीत वीस ओले पिळलेले रुमाल, दुसरी बादली वापरलेल्यांसाठी. मग कंदील, मग पिशवी. पाकिटात सामान उलट्या क्रमाने भरा, आधी लागणारं सगळ्यात वर. आणि बावीस पाकिटं करा.

सिडकोची_आई:
तरीही सांडलंच तर? सतरंजीसाठी काय जवळ ठेवायचं?

बालवाडीताई:
मैद्याचा गोळा लागला तर ओला असताना चोळू नका. वाळू द्या, मग ब्रशने झटका. पोस्टर कलर लगेच टिपायचा, पुसायचा नाही, मग थंड पाणी आणि साबण. गोंद सुकला असेल तर कोमट पाण्यात भिजवलेला कपडा थोडा वेळ ठेवून सोडवा. तेलखडू फरशीवर गेला तर आधी थेंबभर खोबरेल, मग भांड्यांचा साबण. स्लाइम कुणी घरून आणलंच तर व्हिनेगरने सुटतं. ॲक्रिलिक रंग मात्र हॉलमध्ये येऊच देऊ नका. ओला असेपर्यंत पाण्याने जातो, वाळला की नाही.

गोदाकाठ:
ताटांवर मास्किंग टेपचा चिकटा राहिला तर? ताटं सगळ्यांच्या घरून येणार आहेत.

पंचवटीकर:
खोबरेल तेल लावून दहा मिनिटं ठेवा, सुक्या कापडाने रगडा, मग नेहमीसारखं घासा. टेप त्याच दिवशी काढलात तर बहुतेक ताटांवर काही राहणारच नाही. आणि ताटांना मागून नावाच्या चिठ्ठ्या लावा.